आजी पीठ चाळते

विहिरीत बादली सोडली तर पाण्यात पडल्याचा आवाज येईना, गाळात रुतल्याचा यायला लागला. दोर ओढला की निम्मा चिखलच वर यायचा, आणि तो मडक्यात निवळायला ठेवला तरी संध्याकाळपर्यंत त्याचा वास जायचा नाही. टोमॅटोची रोपं उभ्या जागी वाळली. मिरचीने तर फुलं धरायच्या आतच माना टाकल्या. सुताराची लेक वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून एकेक रोप उपटत होती, आणि तिचा नवरा दूधगाडीचं चाक बदलता बदलता तिच्याकडे बघत होता.

"कमी पाण्यात येईल असं काहीतरी करायला हवं," ती म्हणाली.

"कमी पाण्यात काय येतं? डोळ्यांत पाणी येतं, तेवढंच."

"थट्टा नको. मी विचार करून बोलतेय."

"तू विचार करायला लागलीस की माझ्या पोटात गोळा येतो," तो म्हणाला आणि पाना झटकून उभा राहिला.

तिने आळंबीचं नाव काढलं तेव्हा तो तिच्याकडे बघतच राहिला. पावसाळ्यात कुजक्या लाकडावर उगवतात त्या छत्र्या? त्या कोण खातं? पण ती बाजारच्या गावी जाऊन शिकून आली होती. बियाणंवाल्याने चार बायकांना सतरंजीवर बसवून सगळं सांगितलं होतं. आळंबीला शेत लागत नाही, ऊन तर चालतच नाही. पेंढा उकळायचा, निथळायचा, पिशव्यांत थरावर थर भरायचा, मधे बियाणं पेरायचं आणि पिशव्या अंधारात टांगायच्या. बियाणंवाल्याची गाडी सुटत होती, म्हणून शेवटचं त्याने उभ्या उभ्याच एका दमात सांगितलं होतं. "हात धुवा, पाय धुवा, तोंडाला फडकं बांधा, बाहेरचं माणूस आत घेऊ नका. पीक नाजूक आहे, तान्ह्या बाळासारखं जपा."

ते शेवटचं वाक्य तिने पक्कं लक्षात ठेवलं.

आता खोली हवी होती. घरात गार खोली एकच होती, मागची. जाड मातीच्या भिंतींची, हातभर खिडकीची. आईने शेवटचे महिने तिथेच काढले होते. उशांना टेकून बसलेली असायची, आडवं झालं की छाती भरून यायची. श्वास आत जाताना काही नाही, बाहेर येताना बारीक शीळ वाजायची, किटलीच्या झाकणातून वाफ निघावी तशी. आई गेल्यापासून बाबांनी त्या खोलीची कडी उघडू दिली नव्हती. गेल्या हिवाळ्यापासून कडी तशीच होती.

जेवताना तिने विषय काढला.  बाबा घास चावत राहिले, ताट धुऊन पालथं घातलं आणि ओट्यावर जाऊन बसले. ती ओशाळली. नवऱ्याने डोळ्यांनीच तिला गप्प राहायला सांगितलं.

सकाळी ती जागी झाली ती करवतीच्या आवाजाने. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आईचा पलंग, बाबांनी लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हाताने केलेला, अंगणात चारी पाय सुटे होऊन पडला होता आणि बाबा त्याच्या फळ्यांवर पेन्सिलीने खुणा करत होते.

"मांडणीची उंची किती ठेवू?" त्यांनी वर न बघता विचारलं.

तिला उंची सांगता आली नाही. तिने हाताने दाखवली.

*

काम म्हणजे पेंढ्याशी कुस्ती होती. पत्र्याच्या पिंपात पाणी आधणासारखं उकळायचं, त्यात पेंढ्याच्या पेंड्या काठीने दाबायच्या, त्या वर उसळी मारायच्या. वाफ तोंडावर यायची. मनगटांवर भाजल्याचे पट्टे उठले, त्यांवर पुन्हा पट्टे उठले. पाणी मात्र खरंच कमी लागायचं. पेंढा निथळला की तेच गाळलेलं पाणी दुसऱ्या खेपेला. नवरा पहाटे दूधगाडी घेऊन जायचा, दुपारी येऊन जेवायचा आणि ओसरीत पाठ टेकली की घोरायला लागायचा. बाबांचे हात आता कापायचे, म्हणून सुतारकाम सुटलं होतं. नातीला, बारकीला, सांभाळायचं काम त्यांच्याकडे आपोआप गेलं.

बारकी चार वर्षांची होती. सगळं गाव तिला बारकीच म्हणायचं, आणि ती सगळ्या गावाला "तू काय करतोस?" म्हणून विचारायची.

"आई, तू काय करतेस?"

"पिशव्या भरतेय."

"काल पण भरत होतीस."

"उद्या पण भरणार आहे. आजोबांकडे जा."

"तू माझी आई आहेस का आळंबीची आई आहेस?"

कुंपणापलीकडे शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. त्या खदखदून हसल्या. "बरोबर विचारतेय पोर! अगं, उकिरड्यावर जे आपोआप उगवतं त्याला तू पाय धुऊन भेटायला जातेस. आणि या पोरीच्या डोक्याला तेल कधी लावलंस शेवटचं?"

"लावते हो काकू. आज लावते."

"कालही आजच लावणार होतीस."

काकूंची जीभ तशीच होती. पण ते बोलणं दिवसभर तिच्या अंगाला पेंढ्याच्या कुसासारखं टोचत राहिलं. बारकीच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. बारकीच्या फ्रॉकचं बटण तुटून किती दिवस झाले होते तेही तिला आठवेना. पिशव्या कितव्या दिवशी चिरायच्या ते मात्र झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं.

पिशव्या पांढऱ्या झाल्या. पेंढ्यावर कापसाची साय धरावी तशा. मग चिरांमधून टाचणीच्या डोक्याएवढे मोड आले, आणि पुढचे दोन दिवस ती सारखी उठून बघायला जायची. हात धुवायचे, पाय धुवायचे, खिळ्यावरचं फडकं नाकातोंडाला बांधायचं आणि मगच दार ढकलायचं. घरातल्या सगळ्यांना तिने बजावलं होतं. "कुणी आत जायचं नाही. आपल्या श्वासाचं काही लागलं तर पीक जाईल."

पहिला तोडा घेऊन ती बाजारच्या गावी खानावळवाल्याकडे गेली. त्याने टोपलीतली एक आळंबी उचलली, देठाशी मोडून पाहिली, नाकाला लावली.

"माल ताजा आहे. पण फार लहान तोडतेस. गिऱ्हाइकाला ताटात दिसायला नको? माझ्या पंजाएवढी होऊ दे."

"ते म्हणाले होते, कडा सपाट व्हायच्या आत तोडायच्या."

"कोण म्हणाले? ते येणार आहेत का माझ्याकडे जेवायला?" तो हसला. "पंजाएवढी आण. रोज आण. दुसऱ्याकडे बघणार नाही मी."

ती त्या वाक्यावर तरंगतच घरी आली. मग आळंब्या दिवसभर जास्त ठेवायला लागली. कडा सपाट व्हायच्या, मग वर वळायच्या, वाऱ्याने उलटलेल्या छत्रीसारख्या. खालच्या पिशव्यांवर, मांडणीच्या फळ्यांवर सकाळी पांढुरका थर दिसायचा. बोट फिरवलं की रेघ उमटायची. पेंढ्याचाच भुगा असेल, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसून टाकायची.

*

बारकी पहिल्यांदा खोकली तेव्हा ती पिंपाजवळ पेंढा पिळत होती. खोकला कोरडा होता, पोरांना येतो तसा. तिने लक्ष दिलं नाही. पण खोकला संपल्यावर बारकीने श्वास सोडला, आणि त्या श्वासाच्या शेपटाला बारीक शीळ होती.

तिचे हात पेंढ्यातच थांबले. गरम पाणी कोपरापर्यंत ओघळलं, तेही कळलं नाही.

"बारके, इकडे ये. पुन्हा श्वास घे."

"का?"

"घे म्हणते ना!"

बारकीने गाल फुगवून मोठा श्वास घेतला आणि फुस्सकन सोडला. शीळ नव्हती. तिने लेकीच्या पाठीला कान लावला. आतून नुसतं काळीज धावत होतं, चिमणीसारखं. बारकीला गुदगुल्या झाल्या. ती हसायला लागली आणि हसता हसता पुन्हा खोकली.

त्या दिवसापासून घरात एक कान सतत जागा राहिला. पिशव्या भरताना, चुलीपुढे, दूधगाडीचा आवाज येताना, तो कान बारकीकडे असायचा. खोकला यायचा तो दिवेलागणीला. जेवायच्या वेळेला अंग कोमट व्हायचं, पोर मलूल पडायची. सकाळी पुन्हा अंगणात पळत सुटायची, जणू काही झालंच नाही. सकाळी तिला वाटायचं, आपलं मनच वाईट आहे. संध्याकाळी वाटायचं, आईचं सगळं अस्संच सुरू झालं होतं.

बाबांपुढे ती हे बोलत नव्हती.  बारकी खोकली की ते ओट्यावरून उठून परसात जायचे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बारकीला मांडीवर उभी करून तपासलं. नळी पाठीवर फिरवत त्यांनी सहज विचारलं, "घरात कोंबड्या आहेत? पेंढा, धान्याची साठवण, धुळीचं काही काम?"

"नाही," ती म्हणाली.

नवऱ्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "पेंढा नाही का आपल्याकडे?"

"ती कधी जाते पेंढ्याजवळ? आणि खोलीत मी कुणाला पाऊल टाकू देते का?"

"तसं खरंय."

"मग? उगाच सांगून काय, बंद करा म्हणाल्या असत्या. मी तिथे तासन् तास असते, मला काही होतंय का?"

"मी कुठे काय म्हणालो?"

तो खरंच काही म्हणाला नव्हता. तिने औषधाची बाटली पदरात गुंडाळली आणि ती गाडीकडे चालू लागली.

औषधाने उतार पडेना, तेव्हा बारकीला चार दिवस आत्याकडे ठेवलं. तिथे पोर खणखणीत झाली. आत्याच्या शेळीमागे धावली, दोन वेळा मागून जेवली. नवरा तिला दूधगाडीत पुढे बसवून परत घेऊन आला तेव्हा ती गाणं म्हणत उतरली. दुसऱ्याच दिवशी दिवेलागणीला खोकला परत आला आणि शेवटी ती शीळ वाजली. या वेळी तिने ती नीट ऐकली. नवऱ्यानेही ऐकली.

"घरालाच काहीतरी आहे," तो म्हणाला.

"असं बोलू नका."

"मग काय बोलू, ते सांग."

सकाळी ती बारकीला पुढ्यात घेऊन बसली. तेल लावून एकेक जट सोडवत होती. केसांच्या मुळाशी काहीतरी पांढरं होतं, कोंड्यासारखं. नखाने काढलं तर बोटावर पीठच आलं.

"कुठे लोळलीस गं?"

"आजीच्या खोलीत पीठ पडतं," बारकी म्हणाली.

तिची फणी थांबली. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला दिसतं. आजी पीठ चाळते."

"आजी आता नाही ना, बारके?"

"दिसत नाही. पण चाळते." बारकीने मान झटकली. "दुखतंय, ओढू नको!"

 ऊन अंगणात भरलेलं होतं, काकूंकडे कुणीतरी धुणं आपटत होतं, आणि तरी तिला मागच्या दाराकडे पाहायचं धाडस होईना. पोर तापात बडबडते म्हणावं, तर अंगाला हात लावला तर गार. ओट्यावर बाबा बसले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. पण ते हातातल्या जुन्या रंध्याचं पातं अंगठ्याने पुसत बसले, पुसलेलंच पुन्हा पुसत. आईचं नाव निघालं की ते असेच व्हायचे. तिने पुढे विचारलं नाही.

*

त्या दिवशी माल भरपूर होता. सगळ्या पिशव्या एकदम फुलल्या होत्या. टोपल्यांत मावतील तेवढ्या आळंब्या तोडून ती बाजारच्या गावी गेली. खानावळवाल्याने सगळा माल उतरवून घेतला आणि एक ट्रॅक्टरवाला गावाकडेच निघाला होता, त्यामुळे ती ऊन उतरायच्या आधीच घराशी पोचली. एवढ्या लवकर ती कधीच परत आली नव्हती.

नवरा ओसरीत घोरत होता. ओटा रिकामा होता. बारकीची चिंध्यांची बाहुली उंबऱ्यावर उताणी पडली होती.

"बाबा?"

कुणी ओ दिली नाही.

मागच्या दाराशी न्हाणीचा तांब्या आडवा होता. तिथून खोलीपर्यंत फरशीवर ओली पावलं गेली होती. मोठी पावलं, टाच फाकलेली. त्यांच्या बाजूने लहान पावलं, बोटं टेकवत, उड्या मारत गेलेली. दोघांनीही पाय धुतले होते. दाराबाहेर बाबांच्या वहाणा नीट जोडून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या कुशीत बारकीच्या दोन चिमुकल्या चपला. खिळ्यावरचं फडकं नव्हतं.

दार ओढून घेतलेलं होतं. आतून खोकला आला. मग शीळ. मग दुसरा श्वास यायला फार वेळ लागला.

तिने हातपाय न धुता दार ढकललं.

कौलातल्या फटीतून उन्हाची एक तिरीप खाली उतरली होती. पिशव्यांवर आळंब्या पंजासारख्या पसरल्या होत्या, कडा वर वळलेल्या, आणि त्या प्रत्येकीखालून बारीक पांढरा धूर निघत होता. तिरिपेत येऊन तो वळसे घेत होता, संथ, न थांबता. कुणीतरी वर बसून खरोखरच चाळण हलवत असावं, तसा. खाली, जिथे आईचा पलंग असायचा बरोबर तिथे, पोत्यावर बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या नाकातोंडाला फडकं बांधलेलं होतं. डोळा लागला होता. त्यांच्या मांडीवर बारकी होती, जागी. तिचे खांदे वरखाली होत होते. गळ्याखालची खळगी दर श्वासाला आत ओढली जात होती. केसांवर, पापण्यांवर पांढरं बसलं होतं.

"आई, पी..." बारकी म्हणाली. पुढचं अक्षर आलं नाही. ओठ जांभळे दिसत होते.

ती किंचाळली की नाही ते तिला नंतर आठवेना. बारकी तिच्या खांद्यावर होती आणि ती ओसरीतून धावत होती. नवरा अर्धवट झोपेत उठून किल्ली शोधत होता. किल्ली त्याच्या हातातच होती. काकू कुंपण ओलांडून आल्या, बारकीचं तोंड बघितलं आणि न विचारता गाडीत चढल्या.

"पोरीला उभी धर! आडवी नको करू!" त्या ओरडल्या. "हां, अशी. माझ्याकडे बघ गं बारके. मला विचार ना, मी काय करतेय?"

बारकीने विचारलं नाही. काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज त्यांनी पडू दिला नाही. मागे रिकामे कॅन एकमेकांवर आदळत होते. नवरा प्रत्येक खड्ड्याला "आलंच, आलंच" म्हणत होता. बाबा मागे कॅनच्या मधे बसून आले होते. ते कधी चढले ते कुणी पाहिलं नव्हतं. फडकं अजून त्यांच्या तोंडाला तसंच होतं.

*

दवाखान्यात बारकीच्या तोंडावर मुखवट्यासारखी वाटी बसवली आणि यंत्रातून वाफ सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी सुई दिली, बोटाला चिमटा लावला, आणि मग वाट बघणं सुरू झालं. ती पलंगाच्या लोखंडी दांडीला धरून उभी होती. आत ओढली जाणारी ती खळगी तिला दिसत होती. दुसरं काही दिसत नव्हतं. वाफ संपली, पुन्हा भरली. खळगी उथळ झाली. मग आणखी उथळ. बारकीच्या ओठांवर रंग आला आणि तिने वाटीला हाताने ढकललं, तेव्हा डॉक्टरीणबाई पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "घरात काय काम चालतं?"

तिने सगळं सांगितलं. पेंढा, पिशव्या, पंजाएवढ्या छत्र्या, पांढरा थर. मागच्या वेळी ती नाही म्हणाली होती, तेही सांगितलं. बोलताना तिची मान वर झाली नाही.

"आणि हे फडकं?" त्यांनी बाबांकडे बोट केलं. "हे कशासाठी बांधता?"

"पिकाला आपला श्वास लागू नये म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"आळंबी उमलली की तिची पूड हवेत जाते," त्या म्हणाल्या. "ती छातीत जाते. सगळ्यांना बाधत नाही, पण बाधली की अशी बाधते. फडकं पिकासाठी नव्हतं बाई. तुमच्यासाठी होतं."

तिला पलंगाची दांडी आणखी घट्ट धरावी लागली. एवढे दिवस ती त्या दाराशी उभी राहून पिकाला माणसांपासून जपत होती.

बाबांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं. 

"दुपारी मला दुसरीकडे कुठे बसवत नाही," ते म्हणाले. ते तिच्याशी बोलत होते की डॉक्टरीणबाईंशी, कळत नव्हतं. "तिथे गार वाटतं. ही माझ्यामागे येते. तिला ते उडताना दिसायचं, काय आहे म्हणून विचारायची. मी म्हणालो, आजी पीठ चाळतेय." त्यांनी गळ्यातलं फडकं चाचपलं. "मी रोज बांधत होतो फडकं. पीक खराब व्हायला नको म्हणून. हिला नाही बांधलं. हिचा श्वास तो केवढा, त्याने काय होणार, असं वाटलं मला."

 काकूंनी पदर तोंडाशी नेला.

"घरात आणखी कुणाला खोकला? धुळीत काम करणारं कुणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "लाकडाचा भुसा, पीठ, कोळसा, काहीही. असली बारीक धूळ वर्षानुवर्षं आत गेली तर छाती कामातून जाते."

बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. चौकट सागाची होती. त्यांचा अंगठा तिच्या सांध्यावरून फिरत होता.

"नाही," ती म्हणाली. "आता कुणी नाही."

*

बारकीला दवाखान्यातून थेट आत्याकडे नेलं. खोली धुऊन कोरडी होईपर्यंत तिने घरात यायचं नाही, असं ठरलं. पोर जाताना गाडीतून हात हलवत होती, आणि तिला त्या हलणाऱ्या हातापेक्षा तिची छाती बघायची होती, पण गाडी लांब गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी खोली रिकामी करायला घेतली. नवऱ्याने आधी सगळ्या पिशव्यांवर पाणी मारलं, पूड उडू नये म्हणून. विहिरीतलं होतं नव्हतं ते पाणी त्यात गेलं. पंजाएवढ्या आळंब्या ओल्या होऊन लोंबत होत्या. त्याने पिशव्या एकेक करून तोडल्या आणि परसातल्या खड्ड्यात नेऊन टाकल्या. काकू खड्ड्याच्या कडेला उभ्या राहून माती ओढत होत्या आणि नेहमीसारखं काही बोलत नव्हत्या, ते जास्त भीतीदायक होतं.

"खानावळवाला वाट बघेल आज," नवरा म्हणाला.

"बघू दे."

"बंद करायचं का मग सगळंच?"

तिने रिकाम्या दोऱ्यांकडे पाहिलं. घरात दाणे होते, पण पुढच्या हंगामापर्यंत पुरणारे नव्हते, आणि विहीर तशीच होती. "विहिरीपलीकडे छप्पर घालू," ती म्हणाली. "चारी बाजूंनी उघडं. लहानच तोडायच्या, कडा वळायच्या आत. त्याला नको असतील तर दुसरा बघू." तिने दोऱ्यांच्या गाठी सोडायला घेतल्या. "घरात नाही. घरात पुन्हा काही नाही."

तो तिच्या खांद्यावर ओला हात ठेवून उभा राहिला. मग शेवटच्या पिशव्या घेऊन बाहेर गेला.

आत ती आणि बाबा राहिले. बाबा मांडणी सोडवत होते. खिळे उपसायला त्यांना जोर पुरत नव्हता. पकड घसरायची, ते पुन्हा लावायचे. पलंगाच्या फळ्या त्यांनी एकीवर एक रचल्या. फळ्यांवर पांढरा थर पाण्याने चिकट झाला होता. त्यांनी तो तळव्याने निपटला आणि तळवा बघत बसले.

"पोरी."

"काय, बाबा?"

"ओट्यावर मी रंधा मारायचो, करवत चालवायचो. सगळा भुसा आत यायचा."

तिने रचलेल्या फळ्या भिंतीशी सरकवल्या.

"ती झाडायची. रोज संध्याकाळी. तिच्या केसांत असायचा, पापण्यांवर असायचा. मी चेष्टा करायचो, म्हातारी झालीस म्हणून." त्यांनी तळवा धोतराला पुसला. "तिला कधी कुणी फडकं बांध म्हणालं नाही. मीही नाही. तिचा तो दमा... डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग? तेच असेल का?"

ते तिच्या तोंडाकडे बघत होते. आई गेल्यापासून ते असं समोर बघून काही विचारत नव्हते. नाही म्हणणं सोपं होतं. दवाखान्यात एकदा ती नाही म्हणून गेली होती, तेही असंच सोपं होतं. तिच्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली, कमरेत वाकून झाडणारी, आणि तिच्या मागे दारातल्या उन्हात उठणारा पिवळा लोट. त्या लोटातून पळायला लहानपणी तिला फार आवडायचं. तीही त्याच घरात वाढली होती. तिच्या छातीत काय असेल? बाबांच्या?

तिने खिळ्यावरचं धुतलेलं फडकं घेतलं.

"तोंड इकडे करा, बाबा."

त्यांनी लहान मुलासारखं तोंड पुढे केलं. तिने फडकं त्यांच्या नाकावरून ओढून मागे गाठ मारली. वर फक्त त्यांचे डोळे राहिले.

"घट्ट झालं का?"

त्यांनी मान हलवली.

तिने स्वतःलाही पदर बांधला आणि कोपऱ्यातला झाडू उचलला. बाबांनी हात पुढे केला आणि तो तिच्या हातातून काढून घेतला. त्यांना झाडू कसा धरतात ते नीट येत नव्हतं. रंधा धरावा तसा त्यांनी तो दोन्ही हातांत धरला.

"आधी पाणी मार," ते फडक्याआडून म्हणाले. "उडायला नको."

तिने शेवटचा तांब्या जमिनीवर शिंपडला. बाबा वाकले आणि पलंगाच्या जागेपासून झाडायला लागले, दाराकडे, हळूहळू. वाकल्यामुळे त्यांना धाप लागत होती. ती रिकामा तांब्या घेऊन भिंतीशी उभी राहिली. फडक्यातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. ती तो आत जाताना ऐकत होती, आणि बाहेर येताना ऐकत होती.